लाम्पांग: चियांग माईच्या अलीकडे उतरून बघा

पायवाट

बँकॉकहून चियांग माईला रात्रीच्या गाडीने जाणारी मंडळी लाम्पांग झोपेतच ओलांडतात. पहाटे गाडी थांबते, थोडी थाई माणसं पिशव्या घेऊन उतरतात, आणि आपल्यातलं कुणी जागं असलंच तर कूस बदलून परत झोपतं. चियांग माईवर इथे चिक्कार धागे आहेत, लाम्पांगवर शोधून एक सापडला नाही, म्हणून हा काढतेय. म्हणणं सरळ आहे: उत्तर थायलंडला आठवडा देणार असाल तर चियांग माईतल्या दोन रात्री कापा आणि लाम्पांगला द्या. जाता-येता दुपारपुरतं थांबून हे गाव हाती लागत नाही.

गाव वांग नदीच्या काठी, चियांग माईपासून साधारण शंभर किलोमीटर, बसने दीड-दोन तास. मोन लोकांच्या हरिपुंचाय राज्यापासूनची ही वस्ती. लाम्फूनची राणी चामादेवी, तिच्या जुळ्या मुलांपैकी एकाने इथे राज्य केलं अशी परंपरा. पुढे उत्तरेतल्या लान्ना राज्याचे राजे, मग ब्रह्मी अंमल, मग सयाम (थायलंडचं जुनं नाव). प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवलंय आणि त्याची अजून जत्रा झालेली नाही.

आधी वाट फ्रा थात लाम्पांग लुआंग. ('वाट' म्हणजे विहार-देऊळ, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेलच.) हे शहरात नाही, नैऋत्येला अठरा-वीस किलोमीटरवर, को खा तालुक्यात. उंचवट्यावर, तटबंदीच्या आत, कारण ही जागा मुळात गढीच होती. नागांच्या कठड्याचा जिना चढून दरवाजातून आत शिरलं की समोर मुख्य विहार, १४७६ सालचा. चहूबाजूंनी मोकळा, सागाच्या जाड खांबांवर उभा, आणि छप्पर थराथराने उतरत इतकं खाली येतं की आत बसल्यावर बाहेरचं ऊन फक्त जमिनीलगत दिसतं. थायलंडमधल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत याची गणना होते. सोनेरी, चकचकीत, काचकाम केलेली देवळं पाहून डोळे दमले असतील तर इथे येऊन बसा. शेजारी 'नाम तेम' नावाचा छोटा विहार आहे, त्यातली भित्तिचित्रं फार पुसट झाली आहेत. बॅटरी न्या आणि घाई करू नका.

मागे मोठा स्तूप, तांब्या-पितळेच्या पत्र्याने मढवलेला, हवापाण्याने हिरवट पडलेला. त्याच्या कठड्यात एका गजाला बंदुकीच्या गोळीचं भोक दाखवतात. गोष्ट १७३२ची. ब्रह्मी सत्तेच्या आश्रयाने लाम्फूनहून आलेला एक सरदार या देवळातच तळ ठोकून बसला होता. थिपचांग नावाचा एक स्थानिक शिकारी सांडपाण्याच्या मोरीतून रांगत आत घुसला आणि त्याला गोळी घातली. मोरी अजून आहे. तिच्यातून माणूस कसा गेला असेल, हे बघताना आपलं पोट आपोआप आत घेतलं जातं. पुढे हाच थिपचांग लाम्पांगचा राजा झाला. त्याचा नातू काविला. १७७५मध्ये सयामच्या मदतीने ब्रह्मी फौजांना चियांग माईतून हुसकावण्यात तो होता, आणि ओस पडलेलं चियांग माई १७९६मध्ये पुन्हा वसवलं तेही त्यानेच. म्हणजे आपण ज्या शहरासाठी लाम्पांग वगळतो, ते उभं करणारा माणूस लाम्पांगचा!

शहरातलं वाट फ्रा केओ डोन ताओ हे दुसरं. बँकॉकच्या राजवाड्यातली ती प्रसिद्ध पाचूची बुद्धमूर्ती १४३६ ते १४६८ अशी बत्तीस वर्षं इथे होती. चियांग राईहून ती चियांग माईला न्यायची होती, पण हत्ती सारखा लाम्पांगच्याच वाटेला लागायचा, शेवटी राजाने हात टेकले, अशी कथा. मूर्ती गेली, पण अंगणात १९०९चा ब्रह्मी धाटणीचा मंडप आहे, लाकडी कोरीवकामाने गच्च भरलेला. तिथे मान दुखेपर्यंत वर बघा.

सागाच्या व्यापाराबद्दल आणि नदीकाठच्या जुन्या बाजाराबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. आणखी कुणी गेलंय का? चे सोनचे गरम पाण्याचे झरे, हत्ती केंद्र वगैरे बाजूची ठिकाणं केली असतील तर भर घाला.


निवांत

मस्त. मोरीची गोष्ट आवडली. फोटो टाका की! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


जुनी_पानं

पायवाट, सागाचं तुम्ही लिहिणार आहातच, पण मध्येच तोंड घालतो, कारण यात आपल्याकडचा एक धागा थेट गुंतलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाम्पांगच्या आसपासच्या जंगलांवर युरोपीय कंपन्या उतरल्या. त्यातली एक मोठी म्हणजे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ साली वॉलेस बंधूंनी मुंबईत काढलेली, आणि आजही मुंबईतच असलेली (आता वाडिया समूहात). याच कंपनीचा ब्रह्मदेशात राजा थिबाशी सागावरून खटका उडाला. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याचा ठपका ठेवून दरबाराने तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. १८८५चं तिसरं इंग्रज-ब्रह्मी युद्ध, थिबाची गादी गेली आणि तो आला कुठे, तर रत्नागिरीला. थिबा पॅलेस आपण शाळेच्या सहलीत बघतो, पण त्याच्या मागे सागाचे ओंडके आहेत हे कुणी सांगत नाही. १९१६मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

तीच कंपनी त्याच सुमारास सयामच्या जंगलांतही हातपाय पसरत होती. कामाला माणसं लागली ती ब्रह्मदेशातून आणली: ब्रह्मी, शान, करेन. लाम्पांगला ब्रह्मी धाटणीची इतकी देवळं दिसतात ती याच लोकांच्या पैशाने बांधलेली. वाट सी रोंग मुआंग, वाट पा फांग, वाट सी चुम (याचा मुख्य विहार १९९२च्या आगीत जळाला, नंतर पुन्हा बांधला). मोठमोठी झाडं पाडली तर त्यांतल्या आत्म्यांचा कोप होईल, म्हणून पुण्य गाठीशी बांधायला व्यापाऱ्यांनी देवळं उभारली असं सांगतात. पापाचा हिशेब इतक्या सुंदर कोरीवकामाने चुकवलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

झाड पाडायची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून आधी बुंध्याभोवती सालीचा पट्टा काढून झाड उभ्या उभ्या मारायचं आणि वाळायला दोनेक वर्षं तसंच सोडायचं. मग तोड, हत्तींनी ओढ्यापर्यंत ओढत आणणं, पावसाळ्याची वाट बघणं. ओंडका वांग नदीत, तिथून पिंगमध्ये, तिथून चाओ फ्रायातून बँकॉकला. पाऊस कमी झाला की वाटेत अडकायचा. जंगलातून बँकॉकला पोचायला वर्षानुवर्षं लागत.


भुईकोट

क्या बात है. रत्नागिरी आणि लाम्पांग एका वाक्यात येतील असं वाटलं नव्हतं.


जुनी_पानं

भुईकोट, नावावरून तुम्ही नगरचे दिसता, तर तुमच्यासाठी आणखी एक.

लाम्पांगमध्ये नदीपलीकडे था मा ओ भागात एक जुनं लाकडी घर दुरुस्त करून ठेवलंय, 'बान लुई' म्हणतात. लुई लिओनोवेन्स या साग-व्यापाऱ्याशी जोडलेलं. हा आधी बोर्नियो कंपनीचा माणूस, पुढे त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. त्याची आई म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स, सयामच्या राजा मोंगकुटच्या राण्या-मुलांना १८६२ ते १८६७ इंग्रजी शिकवणारी ती बाई, जिच्यावर हॉलिवुडने सिनेमे काढले आणि थायलंडने त्यांवर बंदी घातली.

ही अ‍ॅना स्वतःचा जन्म वेल्समधला सांगायची. १९७०च्या दशकात एका इंग्रज संशोधकाने कागदपत्रं चाळली तेव्हा निघालं की ती १८३१ साली अहमदनगरला जन्मली. बाप ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात साधा सार्जंट, तोही तिच्या जन्माआधीच वारलेला. लग्न पुण्यात, १८४९च्या नाताळात. आईच्या बाजूने भारतीय रक्त असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळात हे उघड झालं असतं तर तिला दरबारी शिक्षिका म्हणून कुणी उभं केलं नसतं, म्हणून तिने सगळं पूर्वायुष्यच नव्याने रचलं. खोटारडी म्हणून तिला झोडपणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तिच्या धाडसाचं कौतुक वाटतं. छावणीतली बिनबापाची पोर थेट सयामच्या अंतःपुरापर्यंत पोचली.

लुई लहानपणी राजवाड्यात राजपुत्र चुलालोंगकोर्नबरोबर वाढला. पुढे तो राजपुत्र राजा झाल्यावर लुई परत आला, आधी सैन्यात अधिकारी, मग सागाच्या धंद्यात. १९०२मध्ये शान लोकांनी बंड केलं, फ्रे शहर घेतलं आणि लाम्पांगवर चालून आले, तेव्हा गावाचा बचाव जेन्सन नावाच्या डॅनिश पोलीस अधिकाऱ्याने केला. लुई त्या वेळी गावातच होता.


भुईकोट

दंडवत घ्या. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण असू दे.) छावणी परिसरात आयुष्य गेलं आणि हे नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ते घर आतून बघता येतं का?


पायवाट

बाहेरून कधीही दिसतं. आतलं त्या दिवशी काय चालू आहे त्यावर. प्रदर्शन किंवा कार्यक्रम असला की उघडं असतं. पण त्याच भागात बान साओ नाक आहे, ते मात्र नक्की बघा. १८९५चं, एका ब्रह्मी साग-व्यापाऱ्याचं घर, ११६ सागवानी खांबांवर उभं. खाली मोकळी जागा, वर ऐसपैस पडवी. कोकणातल्या जुन्या घरात वाढलेल्या कुणालाही ती पडवी सोडवणार नाही.

जुनी_पानं यांनी माझं अर्धं काम केलंच आहे, तर बाजाराचं सांगते. काद कोंग ता म्हणजे नदीकाठची जुनी व्यापारी पेठ. चिनी दुकानं, ब्रह्मी सावकारांच्या माड्या, युरोपीय कमानी, सगळं एकाच गल्लीत खांद्याला खांदा लावून. १९०८ची मोंग न्वे झिनची माडी शोधा, झालरीसारखं लाकडी नक्षीकाम आहे. शनिवार-रविवार संध्याकाळी हा रस्ता वाहनांना बंद होतो आणि बाजार भरतो. चियांग माईच्या रविवारच्या बाजारासारखी चेंगराचेंगरी नाही. गावातलीच माणसं पोराबाळांना घेऊन खायला आलेली असतात. पेठेच्या टोकाजवळ पांढऱ्या कमानींचा रत्सादाफिसेक पूल, १९१७चा. संध्याकाळी त्याच्यावर उभं राहायला पैसे पडत नाहीत.


सडेतोड

थोडा वेगळा सूर लावतो. आम्ही मंगळवारी पोचलो. दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. पेठ बंद, दुकानांना फळ्या. देवळं सुंदर आहेत, पण चौथ्यानंतर मुलं म्हणाली 'बाबा, बास'. घोडागाडीत बसलो तर ती गर्दीच्या रस्त्यावरून मोटारींच्या मध्येमध्ये फिरवून वीस मिनिटांत परत. घोड्यांची हाडं दिसत होती असं नाही म्हणत, पण भर उन्हात डांबरावर टापा ऐकून मजा काही आली नाही. इथे वाचून सगळे दोन रात्री बुक करायला धावतील, म्हणून लिहिलं. लहान मुलं असतील तर एक रात्र पुरे.


पायवाट

सडेतोड, आठवड्याच्या मधल्या वाराबद्दल तुमचं पटतं. म्हणूनच शुक्रवारी पोचून रविवारी निघावं. मुलांचं म्हणाल तर देवळं दोनच ठेवायची आणि बाकी वेळ चे सोनला.

घोडागाडीवर मतभेद राहणारच. रेल्वे आल्यावर स्टेशनवरून माल आणि माणसं नेण्यासाठी त्या इथे रुजल्या, आणि बाकी थायलंडमधून गेल्या तरी इथे टिकल्या. मी बसले नाही, लांबूनच बघितल्या.


सुवर्णभूमी

बँकॉकला बरीच वर्षं राहतेय, लाम्पांगला अधूनमधून जाणं होतं. व्यावहारिक गोष्टी सांगते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत उत्तरेला जाऊच नका. तिकीट फुकट मिळालं तरी. मक्याच्या शेतातली धाटं जाळतात, जंगलात वणवे लागतात, शेजारच्या देशांतूनही धूर येतो, आणि ही सगळी गावं डोंगरांच्या मधल्या वाटीत असल्यामुळे तो वर निघून जात नाही. समोरचा डोंगर दिसत नाही, घसा जळतो. मोंगकुटच्या काळातली गोष्ट सांगत नाहीये, दरवर्षी होतं. दमा असलेल्यांनी तर विचारही करू नये. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम, पहाटे स्वेटर लागतो. पावसाळाही वाईट नाही, सगळं हिरवंगार आणि हॉटेलं स्वस्त.

सोंगक्रानला (१३ ते १५ एप्रिल) लाम्पांगची चांदीच्या मोठ्या कलशाची मिरवणूक छान असते, पण धुराचं वर सांगितलंच.

१ मे २०२५पासून येण्याआधी डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. फुकट आहे. पैसे मागणाऱ्या भलत्याच वेबसाइटी खूप आहेत, त्यांच्या नादी लागू नका. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, निघण्याआधी दूतावासाच्या पानावर बघा, इथे कुणी दोन वर्षांपूर्वी काय लिहिलं त्यावर जाऊ नका.


रूळबदल

रेल्वेचा विषय निघाला आणि मला कुणी बोलावलं नाही? :)

लाम्पांगला रेल्वे १९१६मध्ये पोचली. स्टेशनची इमारत बघा, लान्ना आणि युरोपीय शैलीची सरमिसळ, दुमजली, लाकडी कठड्यांची. पुढचा चियांग माईपर्यंतचा टप्पा मात्र रखडला, कारण मध्ये खुन तानचा डोंगर. तिथला बोगदा १,३५२ मीटर, कित्येक दशकं थायलंडमधला सर्वांत लांब. काम १९०७ला सुरू झालं, जर्मन अभियंता एमिल आयझेनहोफर याच्या देखरेखीखाली. १९१७मध्ये सयामने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि बोगदा खणणारे जर्मन शत्रू ठरून कैदेत गेले. बोगदा उघडला १९१८ला. आयझेनहोफरचं स्मारक आज बोगद्याच्या तोंडाशीच आहे.

पुढे लाम्फून जिल्ह्यात था चोम्फूचा पांढरा पूल लागतो. महायुद्धामुळे पोलाद मिळेना म्हणून काँक्रीटचा बांधला. रेल्वेचे पूल सहसा लोखंडी असतात, त्यात हा एकटा कमानदार पांढरा.

माझा सल्ला: बँकॉकहून रात्रीच्या गाडीने लाम्पांगला उतरा, आणि लाम्पांग ते चियांग माई हा टप्पा दिवसाच्या गाडीने करा. बसपेक्षा वेळ जास्त लागतो, पण घाट, लोखंडी पूल, बोगदा, खुन तानचं फुलांच्या कुंड्या लावलेलं छोटं स्टेशन, सगळं उजेडात मिळतं. रात्रीच्या गाडीचे खालचे बर्थ लवकर संपतात. बँकॉकहून उत्तरेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आता हुआ लाम्फोंगहून नाही, क्रुंग थेप अफिवाट टर्मिनलहून सुटतात. २०२३पासूनचा बदल आहे, पण अजून लोक जुन्या स्टेशनला जाऊन उभे राहतात.


चतकोर

छान धागा. एक अडचण: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन जायचंय. दोघंही शुद्ध शाकाहारी, आई चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही (डिसेंबरात खाते, तेवढं बरं). चियांग माईत भारतीय हॉटेलं आहेत. लाम्पांगमध्ये उपाशी राहावं लागेल का?


सुवर्णभूमी

उपाशी नाही राहणार, पण तयारी हवी.

पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत थाई 'जे' लिहिलेली दुकानं शोधा. त्या अक्षराचा फोटो फोनमध्ये ठेवा. 'किन जे' म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही, त्यामुळे काकूंना चातुर्मासातही चालेल! अशी दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि दुपारी आवरतात, म्हणून जेवण बाराच्या आत उरका.

नेहमीच्या दुकानात 'माय साय नाम प्ला' म्हणा, म्हणजे माशाचा सॉस घालू नका. 'माय साय कापी' हेही म्हणा, कापी म्हणजे कोलंबीचं आंबवलेलं वाटण, ते चटण्यांत लपलेलं असतं. नाम फ्रिक नूम ही भाजलेल्या हिरव्या मिरचीची चटणी, दिसायला-चवीला अगदी ठेच्याची बहीण, पण तिच्यातही बऱ्याचदा मासा असतो. विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.

निर्धोक गोष्टी: चिकट भात, आंबा-पपई-केळी, शेवग्यासारख्या पालेभाज्यांचं तेलावर परतणं (सॉस सांगून), आणि खाओ तेन. हा लाम्पांगचा खास खाऊ. चिकट भातात कलिंगडाचा रस घालून चकत्या थापतात, उन्हात वाळवतात, तळून फुलवतात आणि वर गुळाच्या पाकाची रेघ ओढतात. घरी परतताना आमच्याकडे सगळ्यांना हेच हवं असतं.

मांसाहारी लोकांसाठी: खानोम चिन नाम ङियाओ. भाताच्या शेवयांवर टोमॅटोचा आंबटसर रस्सा, आणि त्यात काटेसावरीच्या फुलांचे वाळवलेले पुंकेसर. आपल्याकडे ती फुलं रस्त्यावर पडून वाया जातात. आणि काएंग हांग ले, डुकराच्या मांसाची ब्रह्मी वळणाची आमटी, आलं आणि चिंच घालून, मसाला आपल्याला ओळखीचा वाटेल असा.


चतकोर

_/\_ पाटीचा फोटो शोधून ठेवते. दशम्या आणि मेतकूट बरोबर असेलच.


ठिणगी

लाम्पांग लुआंगबद्दल एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. स्तूपाजवळ एक छोटी इमारत आहे, बुद्धाच्या पाऊलखुणेची. तिच्यात बायकांना प्रवेश नाही. तशी पाटीच आहे. आत काय, तर दार लावून घेतलं की स्तूपाची उलटी रंगीत प्रतिमा पडद्यावर दिसते. नवरा आणि मुलगा आत जाऊन 'वा वा' करून आले, मी आणि मुलगी बाहेर उन्हात. शनिशिंगणापूरची आठवण झाली. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं असेल, पण आजही?


जुनी_पानं

ठिणगीताई, राग रास्त आहे. उत्तरेकडच्या बऱ्याच देवळांत अवशेषांच्या गाभ्याजवळ अशी बंदी आहे. पण एक सांगतो, त्याच देवळाच्या आवारातल्या विहार फ्रा फुटमध्ये जा. तिथेही तशीच उलटी प्रतिमा दिसते आणि तिथे सगळ्यांना प्रवेश आहे. बऱ्याच जणांना हे कुणी सांगत नाही.

चमत्कार वगैरे काही नाही. शाळेत खोक्याला टाचणीचं भोक पाडून सूचीछिद्र कॅमेरा करायचो, तोच प्रकार. खोली अंधारी, दारा-खिडकीत बारीक फट, बाहेर उन्हात चमकणारा स्तूप. प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून शेंड्याकडचे किरण खाली पडतात, पायथ्याचे वर. बाहेर ऊन कडक असेल तर रंगसुद्धा लख्ख येतात, म्हणून सकाळी दहानंतर जा. ढगाळ दिवशी काही दिसत नाही.


ठिणगी

हे माहीत असतं तर मुलीला दाखवलं असतं. तिला विज्ञानात रसही आहे. असो, माहिती इथे राहील, पुढच्या आयांना उपयोगी.


चिकणमाती

मी मातीकाम करते, त्यामुळे लाम्पांग माझ्यासाठी वेगळंच. थायलंडभर नूडलच्या दुकानांत कोंबड्याचं चित्र असलेली वाडगी दिसतात ना, काळी शेपटी, लाल अंग, बाजूला केळीचं झाड आणि एक गुलाबी फूल? ती मूळची दक्षिण चीनमधली. १९५०च्या दशकात लाम्पांगच्या चे होम भागात पांढरी चिनीमाती सापडली आणि चिनी कारागिरांनी इथे भट्ट्या टाकल्या. आज हा जिल्हा म्हणजे थायलंडचं मातीभांड्यांचं माहेरघर. धनबदीचा कारखाना आणि संग्रहालय बघण्यासारखं. जुनी, उतरत्या चढावर बांधलेली लांबलचक 'ड्रॅगन' भट्टी तिथे आहे: खालच्या टोकाला जाळ, धूर-उष्णता वरवर चढत जाते, आणि भांडी मधल्या पोटात. बायका बसून एकेक फराटा मारतात, एकजण फक्त शेपटी, दुसरी फक्त पानं. वेग बघून मला घाम फुटला.

खरेदी तिथूनच करा, पण विमानाचं वजन आधी तपासा. दुय्यम मालाच्या ढिगात हात घालायला लाजू नका, किरकोळ डाग असतो, किंमत निम्मी.

(गावात चौकाचौकात पांढरा कोंबडा दिसतो तो या वाडग्यांमुळे नाही, तो गावाच्या दंतकथेतला, इंद्राने पाठवलेला. बुद्धाला भिक्षा घालायला लोक वेळेवर उठावेत म्हणून.)


हिरवंरान

हत्तींचं कुणी लिहिलं नाही म्हणून. शहरापासून चियांग माईच्या रस्त्यावर हांग चात तालुक्यात सरकारी हत्ती संवर्धन केंद्र आहे. वर सागाचं एवढं लिहिलंत, त्याचा शेवट इथे बघायला मिळतो. १९८८ अखेर दक्षिणेत महापूर आला, दरडी कोसळून माणसं मेली, उघड्या डोंगरांवर बोट ठेवलं गेलं आणि १९८९मध्ये सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. एका रात्रीत हत्ती आणि माहूत बेकार झाले. काही शहरात भीक मागायला आले, काही पर्यटनात. हत्तींचं रुग्णालयही याच भागात आहे, त्या प्रकारचं जगातलं पहिलं म्हणून ओळखलं जातं. मोताला नावाच्या हत्तिणीचा पाय १९९९मध्ये सीमेजवळ भूसुरुंगात गेला, तिला पुढे कृत्रिम पाय बसवला.

केंद्रात प्रयोग वगैरे होतात, ते मला पटत नाहीत. तो भाग टाळून रुग्णालय आणि आंघोळीची वेळ तेवढी बघितली.


सडेतोड

हत्ती केंद्राला +१. मुलांना लाम्पांगमधलं तेवढंच आठवतंय. आणि हो, चे सोनही. गरम पाण्याच्या झऱ्यात टोपलीतून अंडी सोडायची. पंधरा-वीस मिनिटांनी काढली तर बलक घट्ट आणि पांढरं अजून लिबलिबीत! उलटं कसं हे पोरांना समजावताना माझी दमछाक झाली.


रूळबदल

सोपं आहे. बलक साधारण ६५ ते ७० अंशांना घट्ट होतो, पांढऱ्यातला मुख्य भाग गोठायला ८०च्या आसपास लागतात. झरा मधल्या तापमानाचा. उकळत्या पाण्यात आधी बाहेरचं तापतं म्हणून आपल्याला उलटी सवय.


चतकोर

शेवटचा प्रश्न. डोंगराच्या सुळक्यांवर पांढरे छोटे स्तूप असलेलं देऊळ फोटोत दिसतं, ते लाम्पांगचंच ना? बाबांना दाखवायचंय, पण त्यांचे गुडघे...


पायवाट

हो, चे होम तालुक्यातलं. शहरापासून साठेक किलोमीटर. नाव लांबलचक आहे: वाट चालेर्म फ्रा कियात, पुढे राजा मोंगकुटचं नाव. त्याच्या जन्माला २०० वर्षं झाली त्या निमित्ताने बांधलं. जुनं नाही, पण जागा जबरदस्त.

गुडघ्यांचं खरं सांगते. स्वतःची गाडी खाली ठेवायची, तिथल्या पिकअपने चढाचा मोठा टप्पा होतो, मात्र शेवटचा भाग पायऱ्यांचा आहे आणि उभा आहे. मध्ये टेकायला जागा आहेत. बाबा सिंहगड पायी चढत असतील तर चढतील, नाहीतर नाही. खालच्या पार्किंगमधूनही सुळके दिसतात, दुर्बीण असेल तर स्तूपही. दोघांनी वर जायचं आणि दोघांनी खाली कॉफी घेत बसायचं असं करा. कॉफीची दुकानं आहेत.


चतकोर

बाबा म्हणतात सिंहगड चढतात. आई म्हणते १९९८मध्ये. आम्ही कॉफीवालेच.